पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलांना घेऊन ठाण्याहून हाँगकाँग डिस्नेलँड: पासपोर्टपासून परतीपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण हाँगकाँगच्या डिस्नेलँडला जाऊन आलो. आम्ही दोघं, सासूबाई, सहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षं दहा महिन्यांची मुलगी. आल्यापासून सोसायटीच्या बागेत संध्याकाळी भेटणारी प्रत्येक आई तेच चार प्रश्न विचारते, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

हाँगकाँगच का? मुंबईहून थेट विमान आहे, जाताना साडेपाच-सहा तास लागतात. तिथलं पार्क आटोपशीर आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन फिरताना पाय मोडत नाहीत. आणि भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी नेहमीचा व्हिसा काढावा लागत नाही, घरबसल्या एक नोंदणी करावी लागते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण लोक तिथेच अडकतात.

माझं म्हणणं थोडक्यात इतकंच आहे की घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या झोपेच्या, भुकेच्या आणि उंचीच्या हिशोबाने सगळी सहल आखा. मोठी माणसं जुळवून घेतात. अडीच वर्षांचं मूल जुळवून घेऊ शकत नाही, आणि घ्यावं अशी अपेक्षाही करू नये.

१. तारखा ठरवताना तिथल्या सुट्ट्या बघा

आपण आपल्या शाळेचं कॅलेंडर उघडतो आणि थेट विमानाची तिकिटं बघायला लागतो. त्याआधी चीनच्या सुट्ट्या बघा. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारं चिनी नववर्ष, या तिन्ही काळात मुख्य भूमीवरून लोंढे येतात. तेव्हा साध्या कॅरोसेललाही लांब रांग लागते.

मे महिना आपल्याला सोयीचा असला तरी तिथे तेव्हा उकाडा आणि पाऊस असतो. पुढे ऑक्टोबरपर्यंत वादळांचाही मोसम असतो. हाँगकाँगची वेधशाळा वादळाला क्रमांक देते आणि ८ क्रमांकाचा इशारा लागला की शहरातले बहुतेक व्यवहार थांबतात, पार्कही बंद होतं. त्यामुळे दिवाळीची सुट्टी किंवा नाताळच्या आधीचे डिसेंबरचे दिवस मला सर्वांत बरे वाटतात. हवा कोरडी असते आणि दुपारीही मुलं कोमेजत नाहीत. ऑक्टोबरअखेरपर्यंत पार्कमध्ये हॅलोविनची भुताखेतांची सजावट असते. तुमचं मूल घाबरट असेल तर नोव्हेंबर उजाडू द्या.

आणखी एक गोष्ट. पार्क रोज उघडं असेलच असं नाही आणि वेळाही दिवसागणिक बदलतात. तारखा पक्क्या करण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचं कॅलेंडर उघडून बघा.

मुलांच्या वाढदिवसांचाही हिशोब करा. परतीच्या प्रवासाच्या दिवशीही २ वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर विमानात मांडीवरच्या बाळाचं स्वस्त तिकीट चालतं. वाढदिवस सहलीच्या मध्ये आला तर परतीला वेगळी सीट घ्यावी लागते. डिस्नेलँडमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तिथल्या मेट्रोतही नाही. आमच्या मुलीचा तिसरा वाढदिवस डिसेंबरात होता, म्हणून आम्ही सहल उन्हाळ्यावर ढकलली नाही.

२. मुलांचा पासपोर्ट: जन्मदाखला आजच कपाटातून काढा

मुलांच्या पासपोर्टचं काम वाटतं तेवढं अवघड नाही, पण ते अडतं जन्मदाखल्यावर. आमच्या मुलीचा दाखला मी काढून बघितला, तर बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ. बाळाची नोंद जन्मानंतर लगेच झाली होती आणि बारसं त्यानंतर. मध्ये कोणी जाऊन नाव घातलंच नव्हतं. आपल्याकडे हे कितीतरी घरांत होतं. जन्मापासून १२ महिन्यांपर्यंत नाव घालायला शुल्क नसतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. ठाणे महापालिकेच्या हद्दीत जन्म झाला असेल तर महापालिकेत, नवी मुंबईत झाला असेल तर तिथल्या महापालिकेत. बाळ माहेरी जन्मलं असेल, तर दाखला माहेरच्या गावचा असतो आणि दुरुस्तीही तिथेच होते. त्यासाठी एक फेरी धरून ठेवा.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आधार कार्ड दाखवून भागत नाही.

दुसरी अडचण आईच्या नावाची. जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव आणि आईच्या पासपोर्टवर माहेरचं, असं असेल तर कागद जुळत नाहीत. आधी आईचा पासपोर्ट नव्या नावाने करून घ्या, नाहीतर दाखल्यावर तेच नाव लावून घ्या. आईवडील दोघांच्याही पासपोर्टवर एकमेकांची नावं पती-पत्नी म्हणून असली तर मुलांचं काम फार सोपं होतं. आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर मुलासाठी बहुतेक वेळा पोलीस पडताळणीही लागत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे भरायचे, अपॉइंटमेंट घ्यायची. ठाणेकरांसाठी वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ ला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मुलांच्या पासपोर्टचं शुल्क १००० रुपये आहे आणि ८ वर्षांखालच्या मुलांना नव्या पासपोर्टवर १० टक्के सूट मिळते, म्हणजे ९०० रुपये. तत्काळला २००० रुपये जास्त. सहल ठरवून करायची असेल तर तत्काळची गरज पडू देऊ नका.

सोबत काय न्यायचं:
- मुलाचा मूळ जन्मदाखला आणि झेरॉक्स
- आईवडिलांचे मूळ पासपोर्ट, पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, त्यांवर स्वतःची सही
- परिशिष्ट डी, म्हणजे दोघा पालकांचं संमतीपत्र, दोघांच्याही सह्यांसकट (एका पालकाची सही मिळणार नसेल तर परिशिष्ट सी)
- पत्त्याचा पुरावा
- अपॉइंटमेंटची पावती
- ४ वर्षांखालच्या मुलाचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो

फोटो केंद्रावर काढतील असं समजून जाऊ नका. मोठ्यांचा तिथे काढतात, ४ वर्षांखालच्यांचा घेऊन जायचा असतो. आम्ही नौपाड्यातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. मुलगी स्टुलावर एकटी बसेना. शेवटी माझ्या मांडीवर आणि खांद्यावर पांढरी चादर टाकून तिला पुढे बसवलं आणि तिच्या बाबाने कॅमेऱ्याच्या बरोबर मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, नजर समोर. फोटोवाल्याला पासपोर्टचा फोटो आहे हे आधी सांगा, म्हणजे चेहरा फोटोत पुरेसा मोठा येईल.

अपॉइंटमेंट मुलाच्या झोपेच्या वेळेची घेऊ नका. आत ए, बी, सी अशा तीन टप्प्यांतून जायचं असतं आणि मध्ये बसावं लागतं. चित्रकलेची वही आणि खाऊचा डबा बरोबर ठेवा.

मुलांचा पासपोर्ट ५ वर्षं चालतो. थोरल्याचा आधीच काढलेला असेल तर त्याची मुदत आत्ताच बघा. हाँगकाँगच्या नोंदणीला पासपोर्ट किमान ६ महिने चालू असावा लागतो.

३. हाँगकाँगची आगाऊ नोंदणी: विमानाच्या तिकिटाआधी

ही नोंदणी २०१७ पासून आहे. हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर करायची, फुकट असते आणि उत्तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे मिळतं. मिळाली की ६ महिने चालते आणि त्या काळात कितीही वेळा जाता येतं.

इथे चार गोष्टी सांभाळा.

पहिली, खरं संकेतस्थळ. गुगलवर शोधलं की सरकारी दिसणारी, पैसे मागणारी पानं वर येतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट एचके आहे का ते बघा. पैसे मागितले तर ते पान बंद करा.

दुसरी, प्रत्येकाची वेगळी नोंदणी. तान्ह्या बाळाचीसुद्धा. आम्ही पाच फॉर्म भरले.

तिसरी, नाव. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. फॉर्ममध्ये अगदी तसंच, त्याच स्पेलिंगने, त्याच रकान्यांत भरायचं. वडिलांचं नाव गाळलं, की पासपोर्ट एका नावाचा आणि नोंदणी दुसऱ्या नावाची होते. ओळखीतल्या एका कुटुंबाचा फॉर्म एजंटाने भरला होता आणि त्याने मुलांची मधली नावं गाळली. सुदैवाने निघायच्या आठवडाभर आधी लक्षात आलं आणि त्यांनी स्वतः नव्याने भरलं. मी फॉर्म भरताना नवऱ्याला पासपोर्टवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं आणि सबमिट करण्याआधी आकडे उलट क्रमाने पुन्हा तपासले. पाच फॉर्मना दोन तास लागले. लागू द्या.

चौथी, क्रम. नोंदणी नाकारली गेली तर व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्याला आठवडे जातात. म्हणून पैसे परत न मिळणारी विमानाची तिकिटं काढण्याआधी नोंदणी करून घ्या. मात्र मुदत ६ महिन्यांची, म्हणून आठ-आठ महिने आधीही करू नका. आम्ही जुलैच्या शेवटी केली. नंतर पासपोर्ट नवीन काढला तर नोंदणीही नव्याने करावी लागते.

नोंदणीची चिठ्ठी साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून त्यावर सही करायची. मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवरच ती मागतात. मोबाइलवर दाखवायच्या भरवशावर राहू नका. आम्ही दोन-दोन प्रती काढल्या होत्या, एक हातातल्या पिशवीत आणि एक सासूबाईंच्या पर्समध्ये.

एकच पालक मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं सही केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा.

४. विमान

लहान मुलांसाठी थेट विमानाचे जास्त पैसे मोजायची माझी तयारी होती आणि ते पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटले. मध्ये कुठे उतरून झोपलेलं मूल उचलायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, हे तीन वर्षांखालच्या मुलाबरोबर शक्य तर टाळाच.

तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, त्यामुळे आता 'मुंबई' म्हटल्यावर दोन जागा होतात. सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. आपण ठाणेकर सवयीने ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून पवईकडे गाडी वळवतो. वाशी-नेरुळचे लोक मात्र दोन्हीकडे जाऊ शकतात, त्यांनी जास्त लक्ष द्यावं.

टूर कंपनीकडून पॅकेज घेणार असाल तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्याचा कागद जपून ठेवा. आम्ही सगळं स्वतः केलं. पॅकेजमध्ये सकाळी आठला बस सुटते, आणि धाकटीच्या हिशोबाने सहल आखायची तर ते जमणारं नव्हतं.

५. राहायचं कुठे

पार्कला लागून डिस्नेची स्वतःची तीन हॉटेलं आहेत. जवळ आहेत, महाग आहेत. शहरात चिम शा त्सुईच्या भागात राहिलात तर खायला-फिरायला भरपूर आहे, पण दुपारी मुलाला झोपवायला खोलीत येणं जमत नाही. आम्ही मधला मार्ग काढला, तुंग चुंग. विमानतळाच्या शेजारचं हे उपनगर. तिथून मेट्रोने पुढचंच स्टेशन सनी बे आणि सनी बेला डिस्नेलँडची वेगळी गाडी पकडायची. त्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत. आमची मुलगी पहिल्या दिवशी त्या खिडकीला नाक लावून उभी राहिली ती उतरायलाच तयार नव्हती.

हॉटेलच्या खोल्या तिथे लहान असतात. पाच जणांना दोन खोल्या लागतील हे धरून चाला आणि त्या शेजारी-शेजारी हव्यात असं आधी लिहून कळवा.

६. पार्कची तिकिटं आणि दाराच्या चौकटीवरची पेन्सिल

तिकिटांचे दर दिवसाप्रमाणे बदलतात, सुट्टीच्या दिवशी जास्त. ३ ते ११ वर्षांच्या मुलांचं तिकीट कमी असतं आणि ६० वर्षांवरच्या आजी-आजोबांचं तर खूपच कमी. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते आजीला हॉटेलवर ठेवून जातात. सासूबाईंना घेऊन जा. शो आहेत, मिरवणूक आहे, सावलीतले बाक आहेत, आणि नातवंडांचे चेहरे बघायला मिळतात. वय दाखवायला पासपोर्ट लागतो.

लहान मुलं असतील तर एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. दोन दिवसांचं तिकीट घ्या. दुसरा दिवस ठरावीक मुदतीत वापरावा लागतो, ती मुदत तिकिटावर वाचून घ्या.

आता उंची. काही राइड्सना किमान उंचीची अट असते आणि दारावरचा माणूस काठी लावून मोजतो. तिथे विनवणी चालत नाही, चालूही नये. लक्षात ठेवायचे आकडे असे: टॉय स्टोरी लँडमधलं पॅराशूट ८१ सेंटिमीटर, हायपरस्पेस माउंटन १०२, बिग ग्रिझलीची खाणीतली गाडी ११२ आणि आरसी रेसर १२०. डम्बो, टी कप, कॅरोसेल, विनी द पू या फॅन्टसीलँडमधल्या राइड्सना उंचीची अट नाही.

निघायच्या महिनाभर आधी आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने या चार रेघा मारल्या आणि दोन्ही मुलांना अनवाणी उभं केलं. मुलगा १०९ भरला. बिग ग्रिझलीचे व्हिडिओ तो महिनाभर बघत होता. तीन सेंटिमीटरने हुकलं हे त्याला घरीच कळलं, घरीच रडून झालं आणि मग त्याने स्वतःच हायपरस्पेसच्या रेघेवर बोट ठेवलं. हे सगळं तिथे रांगेत तासभर उभं राहून, दाराशी पोचल्यावर झालं असतं तर त्याला कसं समजावलं असतं ते मला खरंच माहीत नाही. ही मोजणी चुकवू नका.

७. बॅग

हातातल्या पिशवीत: पाचही पासपोर्ट, नोंदणीच्या चिठ्ठ्या, हॉटेल आणि परतीच्या तिकिटाच्या छापील प्रती, प्रवास विमा, मुलांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, थर्मामीटर, ओआरएस, प्रत्येक मुलासाठी दोन जोड कपडे आणि आपल्यासाठी एक. शेवटचं सगळे विसरतात. उलटी मुलाच्या नाही, आईच्या कपड्यांवर होते.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायची, बॅगेत टाकलीत तर विमानतळावर बॅग उघडायला बोलावतात. पातळ पदार्थांवर १०० मिलिलिटरचं बंधन असलं तरी बाळाचं दूध आणि खाणं प्रवासाला लागेल तेवढं नेता येतं, तपासणीला ते वेगळं काढून दाखवा.

हाँगकाँगमध्ये प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे असतात. आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही. अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

खाण्याचं म्हणाल तर मेथीचे ठेपले, भाजणीचं थालीपीठ, चिवडा, नाचणीच्या पिठाचे लाडू, खाकरे असे शिजवलेले कोरडे पदार्थ आम्ही नेले. कच्ची अंडी आणि कच्चं मांस यांवर तिथे बंधन आहे, ते नेऊ नका. धाकटीसाठी भाजून दळलेल्या तांदूळ-मुगाची पेज नेली होती, गरम पाणी ओतलं की तयार. तीन रात्री तिने तीच खाल्ली.

बाबागाडी हवीच. मूल चालणारं असलं तरी हवी. हलकी, एका हाताने मिटणारी असेल तर विमानाच्या दारापर्यंत नेता येते आणि तिथे कर्मचारी घेतात. पार्कमध्येही भाड्याने मिळते, पण सनी बेच्या फलाटावर झोपलेल्या मुलाला ती कशी उपयोगी पडणार?

गरम कपडे हवेची थंडी म्हणून नव्हे, तर एसीसाठी घ्या. मेट्रोत आणि थिएटरमध्ये भयंकर गारठा असतो.

८. उतरल्यावर

पूर्वी उतरल्यावर भरायचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालं आहे. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी पांढरी चिठ्ठी देतात. मुलांच्याही मोजून घ्या आणि पासपोर्टातच ठेवा. मुलाने तिचं विमान करण्याच्या आत.

विमानतळावर ऑक्टोपस कार्ड घ्या. मेट्रो, बस, दुकानं, सगळीकडे चालतं. ३ ते ११ वर्षांच्या मुलांचं सवलतीचं वेगळं असतं, ते मागून घ्या. गुगल मॅप आणि व्हॉट्सॲप तिथे नेहमीसारखे चालतात, मुख्य चीनसारखी अडचण नाही.

हाँगकाँग डॉलर १९८३ पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे. म्हणजे इथे डॉलर चढला की तुमचा खर्चही चढतो. फोरेक्स कार्डात पैसे भरताना हे लक्षात असू द्या.

९. पार्कमधला दिवस: घड्याळ भारताचंच ठेवा

मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते हे. हाँगकाँग आपल्या अडीच तास पुढे आहे. पहिल्या दिवसापासून मुलांना तिथल्या वेळेवर आणायचा प्रयत्न करू नका. माझ्या हातात तीन दिवस भारतीय वेळेचंच घड्याळ होतं.

मुलगा शाळेसाठी साडेसहाला उठतो, तेव्हा हाँगकाँगमध्ये नऊ वाजलेले असतात. आवरून, खाऊन निघालो की साडेदहा-अकराला पार्कमध्ये. धाकटी दुपारी दीड वाजता झोपते, तेव्हा तिथे चार. आम्ही साडेतीनला बाहेर पडून खोलीत जायचो, ती तिच्या नेहमीच्या वेळेला झोपायची, सासूबाई पाठ टेकायच्या आणि सहाच्या सुमारास आम्ही पुन्हा आत. रात्रीचा किल्ल्यासमोरचा दिव्यांचा आणि आतषबाजीचा शो साडेआठच्या आसपास असला, तरी मुलांच्या शरीराच्या हिशोबाने संध्याकाळचे सहाच असतात, म्हणजे एरवी बागेत खेळायची वेळ. आजूबाजूची मुलं बाबागाडीत माना टाकून झोपली होती आणि आमची दोघं टक्क जागी, आकाशाकडे बोट दाखवत. हॉटेलवर येऊन झोपायला मध्यरात्र व्हायची, म्हणजे घरचे साडेनऊ.

दार उघडायच्या आधी हजर राहा, तेव्हा रांगा लहान असतात, असं सगळीकडे सांगतात. ते खरं आहे, पण ज्यांच्या मुलांना पहाटे साडेपाचला उठवून हसत नेता येतं त्यांच्यासाठी. आमच्या वेळापत्रकात पहिला अर्धा तास हुकायचा, त्याबदल्यात संध्याकाळ पदरात पडायची. बाहेर पडताना पुन्हा आत यायचं आहे असं दारावर सांगा आणि ते सांगतील ती नोंद करून घ्या.

आत गेल्यावर आधी फॅन्टसीलँड गाठा. लहान मुलांच्या राइड्स तिथेच आहेत आणि दुपारनंतर गर्दीही तिथेच होते. दोघांपैकी एकाच मुलाला चालणारी राइड असेल तर दारावर 'रायडर स्विच' मागा. एक पालक मोठ्याला घेऊन जातो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल करता येते. हायपरस्पेसला आम्ही तेच केलं.

जंगल रिव्हर क्रूझच्या बोटीत निवेदन तीन भाषांत असतं आणि रांगाही तीन असतात. इंग्रजीची पाटी बघून उभे राहा, नाहीतर सगळी सफर कँटोनीजमध्ये ऐकाल.

मिस्टिक मॅनर ही राइड फक्त हाँगकाँगलाच आहे, सासूबाईंना सगळ्यांत जास्त तेच आवडलं. उंचीची अट नाही, पण आत अंधार आहे आणि मध्ये आवाज वाढतो. आमच्या मुलीने माझ्या कुशीत तोंड खुपसलं ते बाहेर येईपर्यंत काढलं नाही. उंची चालते म्हणून मूल तयार आहे असं समजू नका, हे मी तिथे शिकले.

जेवणासाठी त्याच भागातल्या एक्सप्लोरर्स क्लबमध्ये भारतीय पदार्थ मिळतात. गुरुवार होता, सासूबाईंना शाकाहारीच हवं होतं, ते मिळालं. साडेबाराच्या आत किंवा दोननंतर जा, मधल्या वेळात ताट हातात घेऊन जागा शोधावी लागते. मेन स्ट्रीटवर लहान बाळांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथे दूध पाजायची, लंगोट बदलायची शांत जागा आहे. स्वच्छतागृहात उभ्याने लंगोट बदलण्यापेक्षा तिकडे जा.

मुलांच्या मनगटावर, आतल्या बाजूला, आपला चालू असलेला मोबाइल नंबर पेनाने लिहा, देशाच्या कोडसकट. हाँगकाँगचं सिम घेतलं असेल तर तो नंबर. रोज सकाळी नव्याने, कारण हात धुताना पुसला जातो.

१०. मधला दिवस

पार्कच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा सोडा. आम्ही तुंग चुंगहून केबल कारने न्गाँग पिंगला मोठ्या बुद्धमूर्तीपाशी गेलो. मूर्तीपर्यंत २६८ पायऱ्या आहेत. सासूबाई आणि धाकटी खालीच थांबल्या, मुलगा मोजत मोजत वर गेला आणि त्याची संख्या दोनने चुकली, म्हणून पुन्हा मोजत खाली आला. एवढं पुरे. त्या दिवशी संध्याकाळी खोलीत वरण-भाताची आठवण काढत सगळ्यांनी ठेपले खाल्ले आणि लवकर आडवे झालो.

११. परतताना

परतीचं विमान शक्यतो दिवसाचं घ्या. ऑक्टोपस कार्डातले उरलेले पैसे विमानतळावर परत मिळतात, त्यासाठी वेळ ठेवा. बाबागाडी मुंबईत विमानाच्या दाराशी मिळणार की पट्ट्यावर, हे चढतानाच विचारून घ्या. आमची पट्ट्यावर आली आणि झोपलेल्या मुलीला उचलून लांबलचक चालावं लागलं.

आम्ही रविवारी रात्री घरी पोचलो. सोमवारी शाळा उघडत होती. मुलांचं घड्याळ हललंच नव्हतं, त्यामुळे मुलगा साडेसहाला आपणहून उठला आणि बस यायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन चौकटीला पाठ लावून उभा राहिला. अजून ११२ ची रेघ दोन बोटं वर आहे.